पाण्याकाठचे पाच दिवस

घरातील वडीलधाऱ्या माणसांना घेऊन चार दिवस कोठे तरी जावे, असा विषय निघाला की बहुतेक घरांतून दोनच उत्तरे येतात. एक देवदर्शन, दुसरे समुद्र. देवदर्शनात पायऱ्या असतात. समुद्रासाठी आपल्याकडे आधी घाट उतरावा लागतो, मग दमट हवा, मग वाळू. वाळूत वॉकरचे पाय रुततात, हे आपण प्रत्यक्ष तेथे पोहोचल्यावरच आपल्या ध्यानात येते. तोवर खोलीचे पैसे भरून झालेले असतात.

ज्यांची मुले अमेरिकेत आहेत अशा काही परिचितांकडून मी तेथील पूर्व किनाऱ्यापुढच्या लांबट, सपाट वाळूच्या बेटांविषयी ऐकले आहे. तेथे माणसे आठवडाभरासाठी एकच घर घेतात, सामान एकदाच उघडतात आणि पुढे सात दिवस कोठेही जात नाहीत. ओसरीवर बसतात, पाणी पाहतात, जेवतात, झोपतात. हे ऐकून मला समुद्राचा नव्हे, त्या ‘कोठेही न जाण्याचा’ हेवा वाटला. आपल्याकडे सहलीचे यश पाहिलेल्या स्थळांच्या संख्येवर मोजले जाते. परंतु पंच्याहत्तरी ओलांडलेल्या, गुडघ्यांना किंवा हृदयाला जपून वागणाऱ्या माणसाला एक जागा, समोर पाणी आणि हातात वेळ एवढेच पुरते, नव्हे, तेवढेच झेपते. असे पाणी पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत, आपल्या अगदी जवळ आहे. ते समुद्राचे नाही, धरणांच्या फुगवट्याचे आहे.

मला तेथे नेले ते माझ्या आईने. ती आज ब्याऐंशी वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पडून तिच्या खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली आणि तेव्हापासून ती वॉकरच्या आधाराने चालते. तिचे माहेर घोडनदीच्या खोऱ्यातले. 1962 साली लग्न होऊन ती पुण्यास आली, आणि पुढे कित्येक वर्षांनी डिंभे धरण होऊन तिचे गाव पाण्याखाली गेले. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळाले ते जुने गावही त्याच पाण्यात आहे, आणि म्हणून तालुक्याची कचेरी घोडेगावात पाहून नवख्याला कोडे पडते. गाव बुडाल्यावर आई तिकडे एकदाही गेली नव्हती. आम्ही तिला अष्टविनायकांचा, भीमाशंकराचा बेत सांगत होतो. ती म्हणाली, “मला काही बघायचं नाही गं. नुसतं पाण्याकाठी बसायचंय.”

हे वाक्य मी पहिल्या खेपेस नीट ऐकले नाही. तिला वाटते आहे ते तिला कळत नसेल, असे आपण सांभाळणारी माणसे सहज गृहीत धरतो. त्या खेपेस आम्ही दोन दिवसांत ओझर, लेण्याद्री आणि शिवनेरीचा पायथा असा कार्यक्रम आखला. लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. अष्टविनायकांपैकी हेच एक स्थान डोंगरातल्या लेण्यात आहे. तेथे डोली मिळते, पण खुब्याचे हाड जोडलेल्या बाईला डोलीच्या हेलकाव्यांत बसवावे की नाही, यावर पायथ्याशी आम्हा भावंडांत अर्धा तास वाद झाला. आई गाडीत उन्हात बसून होती. शेवटी भाऊ एकटाच वर जाऊन आला. त्या रात्री आईचे पाय सुजले आणि दुसऱ्या दिवशी आम्ही परतलो. घरी आल्यावर ती इतकेच म्हणाली, “पाणी राहिलंच.”

म्हणून दुसऱ्या खेपेस बेत उलटा केला. आधी पाणी निवडले, बाकीचे सगळे त्याच्याभोवती बसवले. आपणही असेच करावे, असे मी आग्रहाने सुचवीन.

या भागात कुकडी प्रकल्पाची पाच धरणे आहेत: येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. पहिली चार जुन्नर तालुक्यात, डिंभे आंबेगावात. नकाशावर ती जवळजवळ दिसतात, पण त्यांचे काठ एकमेकांसारखे नाहीत. पिंपळगाव जोगे माळशेज घाटाच्या वाटेवर, उघड्या माळावर आहे. तेथे वारा फार, आणि पावसाळ्यात धुके व गर्दी दोन्ही. माणिकडोहाचे पाणी डोंगरांच्या कुशीत शिरलेले आहे, सुंदर आहे, पण काठावर सपाट जागा शोधावी लागते. ज्यांना देवाचे सान्निध्यही हवे आहे आणि पायऱ्या नको आहेत, त्यांच्यासाठी ओझरसारखे दुसरे ठिकाण नाही. विघ्नहराचे मंदिर कुकडीच्या काठी, येडगावच्या फुगवट्याला लागून सपाटीवर आहे. वसईच्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी त्याच्या शिखरावर सोन्याचा मुलामा चढवला, असे सांगतात. देवस्थानाचे भक्तनिवास आहे, नारायणगाव जवळ आहे, म्हणजे औषधाचे दुकान आणि दवाखानाही जवळ. चतुर्थी आणि सुट्टीचे दिवस मात्र टाळावेत.

डिंभ्याचा काठ या साऱ्यांत सर्वांत शांत, आणि आम्हांला तर तोच हवा होता. घोडनदी आहुप्याकडच्या डोंगरात उगम पावते आणि धरणाच्या भिंतीपाशी तिचे अरुंद खोरे रुंद सरोवर होते. या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर असे नाव आहे. 12 डिसेंबर 1930 रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या मालमोटारीपुढे आडवे होऊन प्राण दिलेले बाबू गेनू याच तालुक्यातल्या म्हाळुंगे पडवळचे. घोडेगावावरून भीमाशंकरकडे जाणारा रस्ता पुढे पोखरीचा घाट चढू लागला की वळणावळणावर हे पाणी खाली दिसत राहते. भीमाशंकरला जाणाऱ्या गाड्या तेथे क्षणभर थांबतात, छायाचित्र घेतात आणि निघून जातात. खाली काठावर कोणी थांबत नाही.

आता या पाण्याची एक गोष्ट समुद्राहून वेगळी आहे आणि ती सांगणे अगत्याचे आहे. समुद्राची ओहोटी सहा तासांनी उलटते. धरणाचा काठ मात्र दसऱ्यापासून मेअखेरपर्यंत मागेच सरत असतो. कालव्याला आवर्तन सुटले की पाणी रोज थोडे थोडे खाली जाते. ऑक्टोबरात ज्या झाडाच्या बुंध्याशी पाणी असते, त्या झाडापासून एप्रिलात पाण्यापर्यंत उतरायला लांबलचक उतार चालावा लागतो. शिवाय पाणी नुकतेच सरलेली जमीन वरून वाळलेली, भेगाळलेली दिसते आणि आत गाळ ओलाच असतो. काठीचे टोक किंवा वॉकरचा पाय त्यात अचानक खचतो आणि माणूस पुढे कोसळतो. म्हणून खुर्ची नेहमी पक्क्या, गवताळ जमिनीवर मांडावी, पाण्याच्या अगदी कडेला नेऊ नये. पाय बुडवण्याचा मोह आवरावा. तळ कोठे एकदम खोल होतो ते बाहेरून कळत नाही. कोमट पाण्याची बादली ओसरीवर घेऊन पाय बुडवले तरी समाधान तेच मिळते आणि घसरण्याची भीती उरत नाही. धरणाच्या भिंतीखालच्या नदीपात्रात तर बसूच नये. पाणी सोडले की तेथील पातळी पाहता पाहता वाढते आणि वॉकर घेतलेल्या माणसाला तेवढ्या घाईने उठता येत नाही.

यामुळे ऋतूची निवडही पाण्यावरूनच करावी. पावसाळ्यात या तालुक्यांच्या पश्चिम भागात पाऊस कोसळतो, रस्त्यावर दरडी येतात, वीज जाते. वृद्ध माणसाला घेऊन तेव्हा जाऊ नये. ऑक्टोबरच्या मध्यापासून पाणी काठोकाठ असते, हवा स्वच्छ होते, भातखाचरे पिवळी पडतात. डिसेंबर आणि जानेवारीत रात्री चांगलीच थंडी पडते आणि पहाटे पाण्यावर धुके उतरते. ज्यांना दमा किंवा जुना खोकला आहे त्यांनी ते धुके खिडकीतूनच पाहावे आणि ऊन अंगावर आल्याशिवाय बाहेर पडू नये. फेब्रुवारी मला सर्वांत सोयीचा वाटला, मात्र गणेशजयंती, 19 फेब्रुवारीची शिवजयंती आणि महाशिवरात्र हे दिवस वगळून. तेव्हा अनुक्रमे ओझर-लेण्याद्री, जुन्नर आणि भीमाशंकर यांच्या वाटा गर्दीने भरून जातात. जुन्नर समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार दोनशे फूट उंचीवर आहे. ही उंची फार नाही, म्हणून विरळ हवेचा त्रास होईल अशी शंका नको. पण हवा कोरडी असते आणि वाढत्या वयात तहान लागल्याची जाणीवच मंदावते. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट पाणी देत राहावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांच्या पाण्यावर बंधन आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांनी सांगितलेलीच मर्यादा पाळावी.

खोलीविषयी थोडे मोकळेपणाने लिहिते, कारण सहल फसते ती येथेच. जुन्नर तालुक्याला राज्य शासनाने 2018 मध्ये पर्यटन तालुका म्हणून घोषित केले, तेव्हापासून या साऱ्या परिसरात शेतघरे आणि कृषी पर्यटनाची ठिकाणे वाढली आहेत. माणसे अगत्यशील असतात, जेवण घरचे असते. पण दूरध्वनीवर “तळमजलाच आहे, काही अडचण नाही” हे उत्तर सर्वत्र मिळते. पहिल्या खेपेस आम्हांला असे सांगितलेल्या खोलीपुढे तीन उंच पायऱ्या होत्या, कठडा नव्हता आणि शौचालय खोलीच्या बाहेर, अंगणापलीकडे होते. घरमालकाने फसवले असे मी म्हणणार नाही. त्याच्या मते तीन पायऱ्या म्हणजे पायऱ्या नव्हेतच. म्हणून आता मी “सोय आहे का?” असे विचारीत नाही. अंथरुणापासून कमोडपर्यंत भ्रमणध्वनीवर चित्रफीत काढून पाठवा, असे सांगते. वाटेतला उंबरा, फरशीचा निसरडेपणा, धरायला काही आहे की नाही, दिव्याचे बटण हाताशी आहे की दाराबाहेर, हे सारे अर्ध्या मिनिटात दिसते. श्वासासाठी किंवा झोपेसाठी विजेवर चालणारे यंत्र लागत असेल तर इन्व्हर्टर किती तास चालतो ते विचारावे. भ्रमणध्वनीला संपर्क मिळतो का आणि कोणत्या कंपनीचा, हेही विचारावे. डोंगराच्या आड तो हमखास जातो.

संपर्कावरून आठवले. नारायणगावाजवळ खोडदला महाकाय दुर्बिणींचा प्रकल्प आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या या मुलखात विखुरलेल्या आहेत आणि त्या आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी ऐकतात. ही जागा निवडताना माणसाने निर्माण केलेल्या रेडिओलहरींचा गोंगाट येथे कमी आहे, हा एक मोठा विचार होता. रस्त्यावरून जाताना त्या तबकड्या दिसल्या तेव्हा भावाने हे आईला सांगितले. ती म्हणाली, “म्हणजे त्यांनाही गप्प बसायला हीच जागा सापडली.”

प्रवासाविषयी. पुण्याहून मंचर साठ किलोमीटरच्या आसपास आणि तेथून घोडेगावावरून डिंभे आणखी पंचवीस. अंतर थोडे आहे, पण चाकणच्या कोंडीत किती वेळ जाईल ते कोणी सांगू शकत नाही. सकाळी सहाला निघावे. लघवी होण्याची गोळी सकाळी घेणाऱ्यांचे या प्रवासात हाल होतात, आणि मग ती गोळी परस्पर टाळली जाते. तसे करू नये. त्या दिवसापुरती वेळ बदलता येईल का, हे निघण्याच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारून घ्यावे. दर तासा-दीड तासाने गाडी थांबवून पाच मिनिटे उभे करावे. ज्यांना उतरणे शक्य नाही त्यांनी बसल्या जागी पावले वर-खाली करीत पोटऱ्यांची हालचाल ठेवावी. सांध्याची किंवा हाडाची शस्त्रक्रिया झालेल्यांच्या पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका दीर्घ काळ एकाच स्थितीत बसल्याने वाढतो. औषधे दोन ठिकाणी विभागून ठेवावीत, इन्सुलिन थंड पिशवीत आणि तापत्या गाडीत कधीही न ठेवता. शेवटच्या तपासणीचा कागद वरच असावा. मंचरला उपजिल्हा रुग्णालय आहे, घोडेगाव, नारायणगाव आणि जुन्नर येथे ग्रामीण रुग्णालये आहेत. रुग्णवाहिकेचा 108 हा क्रमांक सर्वांना ठाऊक असतो, पण आपण थांबलो आहोत त्या वस्तीचे नाव आणि मुख्य रस्त्यापासूनची खूण बहुधा कोणालाच सांगता येत नाही. ती पोहोचल्याबरोबर कागदावर लिहून दाराजवळ चिकटवावी.

आणि बिबट्या. यावर न लिहिणे म्हणजे आपली फसवणूक करणे होईल. जुन्नर वनविभाग बिबट्यांसाठी देशभर ओळखला जातो. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे. उसाच्या फडात बिबट्याची पिढ्यान्‌पिढ्या वस्ती झाली आहे आणि माणसांवर हल्ले झाले आहेत, त्यांत मुले आणि वृद्धही होते. म्हणून येऊ नये असे नाही. गावकरी जो नियम पाळतात तो आपण पाळावा, एवढेच. दिवस मावळण्यापूर्वी घरात यावे. अंधारात एकट्याने अंगणात, गोठ्याकडे किंवा बाहेरच्या शौचालयाकडे जाऊ नये. शौचालय खोलीला जोडलेले हवे, याचे हे दुसरे आणि अधिक मोठे कारण. वाकलेले किंवा उकिडवे बसलेले माणूस त्या जनावराला लहान दिसते, म्हणून उसालगत वृद्धांना एकटे बसवू नये. घरधनी जे सांगेल ते निमूटपणे ऐकावे. सापांचेही तसेच आहे. गवतातून चालताना बंद पादत्राणे, रात्री विजेरी, आणि दंश झालाच तर मंत्र-तंत्र न करता, जखम न कापता, अंग न हलवता थेट रुग्णालय.

इतकी सारी काळजी वाचून आपण म्हणाल, मग विश्रांती कोठे आहे? ती दुसऱ्या दिवशी सकाळपासून सुरू होते.

पहिली रात्र मात्र बहुधा वाईटच जाते. नवी जागा, नवे अंथरूण, खिडकीची दिशा वेगळी. ज्यांची स्मरणशक्ती क्षीण झाली आहे अशी माणसे संध्याकाळनंतर गोंधळतात, “घरी चला” म्हणतात, उठून दाराकडे जातात. घरची उशी, घरचीच चादर आणि रात्रभर जळणारा एक मंद दिवा नेला तर हे बरेच निवते. आई गोंधळली नाही, पण झोपलीही नाही. पहाटे तिने मला उठवले आणि विचारले, “पाणी कुठल्या अंगाला आहे?” मी बोट दाखवले. ती त्या बाजूला कूस बदलून निजली.

सकाळी नऊनंतर, ऊन कोवळे असताना, आम्ही तिची खुर्ची एका आंब्याखाली मांडली. पाठ टेकणारी, हात असलेली, घरून नेलेली. हे सामान जड होते, पण बसणे हाच जेथे कार्यक्रम आहे तेथे खुर्चीवर काटकसर करू नये. तेथून पाणी पंधरा-वीस पावलांवर होते. पहिला सबंध तास ती बोलली नाही. पाणकावळे पंख पसरून खुंटांवर बसले होते, टिटवी मधूनच ओरडून जाई. मग तिने पाण्यातल्या एका दिशेकडे हात केला आणि म्हणाली, तेथे चिंच होती. तिच्यापुढे नदीचा उतार. उताराच्या अलीकडे दगडी पार. मी हो म्हणत होते. मला समोर फक्त पाणी दिसत होते. ती बरोबर दाखवते आहे की नाही, हे मला कळायला मार्ग नव्हता आणि विचारण्याचे कारणही नव्हते. दुपारी घरधन्याची वृद्ध आई येऊन शेजारी बसली. त्या दोघींनी मिळून त्या पाण्याखाली वाडे, वाटा, विहिरी परत मांडल्या. कोणाच्या किती म्हशी होत्या येथपर्यंत. एका विहिरीच्या जागेवरून त्यांचा चांगला कडाक्याचा वाद झाला. दोन वर्षांत आईचा आवाज इतका चढलेला मी ऐकला नव्हता.

पाण्याने तिचे काही बरे झाले असा दावा मी करणार नाही. रक्तदाब तसाच होता, गोळ्या त्याच राहिल्या. पण घरी जिला चार वेळा आर्जवे करून चालवावे लागे, ती येथे कोणी न सांगता खुर्चीपासून काठाच्या खुणेपर्यंत दिवसातून तीनदा जाऊन येई, कारण तिला पाणी किती सरले ते पाहायचे असे. पहिल्याच सकाळी तिने भावाला पाण्याच्या कडेवर एक पांढरा दगड ठेवायला लावला होता. त्याच्या तीन-चार पावले अलीकडे, गवत संपते तेथे, ती थांबे आणि तेथूनच अंदाज घेई. दुसऱ्या दिवशी दगड आणि पाणी यांत चार बोटे अंतर पडले होते. “आवर्तन चालू आहे,” असे ती घरधन्याच्याच शब्दांत आम्हांला सांगे.

जेवणाची चिंता करू नये. या भागाची मासवडी प्रसिद्ध आहे. नावात मासा असला तरी ती बेसनाची, आत तीळ-खोबऱ्याचे सारण भरलेली. तिचा रस्सा मात्र झणझणीत आणि खारट असतो, तेव्हा रक्तदाबाच्या माणसाने वडी खावी आणि रस्सा चमच्याने घ्यावा. ज्वारी-बाजरीची भाकरी दातांना जड जात असेल तर आदल्या दिवशी सांगितले की आनंदाने मऊ भात, पिठले करून देतात. रात्रीचे जेवण सात वाजता मागावे. गावात ते चमत्कारिक वाटत नाही.

सांभाळणाऱ्यांविषयी एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती लिहिताना थोडा संकोच होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी भाऊ आईजवळ बसला होता. मी “पाच मिनिटे पडते” म्हणून खोलीत गेले आणि तीन तासांनी जागी झाले. जागी झाल्यावर प्रथम भीती वाटली, की इतका वेळ मी तिच्याकडे पाहिले नाही. मग बाहेर पाहिले तर ती आणि भाऊ शेंगा सोलीत बसले होते. दोन वर्षांत सलग तीन तास मी झोपले नव्हते, हे मला तेव्हा समजले. आपण आजारी माणसाच्या विश्रांतीसाठी निघतो आणि आपलेही शरीर काही मागत असते, हे विसरतो. म्हणून सांभाळणारी दोन माणसे तरी बरोबर असावीत, आणि कोणी कधी मोकळे राहायचे हे निघण्यापूर्वीच ठरवून घ्यावे. तेथे गेल्यावर ठरवू म्हटले की ज्याला सवय आहे त्याच्याच अंगावर सारे पडते. भावाला ही व्यवस्था मी निघण्याच्या आदल्या दिवशी बोलून दाखवली, तेव्हा तो जरा दुखावला होता. आता पुढच्या सहलीचे दिवस तोच मोजतो आहे.

भीमाशंकरला आम्ही गेलो नाही. वीस-पंचवीस मैलांवर ज्योतिर्लिंग असताना न जाता परत येणे शेजाऱ्यांना पटले नाही. मंदिरासाठी दोन-अडीचशे पायऱ्या उतराव्या आणि पुन्हा चढाव्या लागतात, हे एकच कारण त्यांना सांगितले. खरे कारण असे, की चौथ्या दिवशी मी विचारले, जायचे का, तर आईने पाण्याकडे पाहतच मान हलवली.

पाचव्या सकाळी निघताना दगड आणि पाणी यांत हातभर अंतर होते. घरधनी म्हणाला, मेअखेर पाणी खूपच आत जाते, तेव्हा गाळपेराची जमीन उघडी पडते आणि जुन्या बांधकामाचे दगडही दिसू लागतात. आईने ते ऐकून घेतले, काही बोलली नाही. घरी आल्यावर आठवड्याने तिने मला त्याला दूरध्वनी लावायला सांगितला आणि दगडापासून पाणी किती लांब गेले ते विचारले. पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारले. मेमध्ये जायचे, असे तिने जाहीर केले आहे. मी उन्हाची, गाळाची, उताराची सारी कारणे पुढे ठेवली आहेत, डॉक्टरांनाही विचारणार आहे. तिने काळी मोठी छत्री कपाटातून काढून दाराच्या खुंटीला अडकवून ठेवली आहे.